पहिली पाटी कुठल्या मोरीला?

रस्त्याखालून पाणी जायला मोरी बांधतात. पावसाळ्यात तिचं तोंड रोज साफ करावं लागतं. एक दिवस सोडला तर पाचोळा अडकतो, दोन दिवस सोडले तर गाळ बसतो, आणि तिसऱ्या दिवशी पाणी मोरीतून न जाता रस्त्यावरून जातं आणि जाताना रस्ता सोबत नेतं. उंबरपाड्याच्या देवरामने सव्वीस वर्षं हेच काम केलं. बांधकाम खात्यात तो मैलकामगार होता. सूर्यमाळच्या अलीकडे एक फाटा फुटतो, तिथून वर उंबरपाड्यापर्यंतचा पाच किलोमीटर रस्ता त्याच्याकडे होता. खड्डे बुजवायचे, गटार उपसायचं, दरड आली तर बाजूला सारायची. २०१६ साली तो निवृत्त झाला. त्याच्या जागी कोणी आलं नाही. म्हणून पावसाळ्यात सकाळी फावडं खांद्यावर टाकून तो अजूनही निघतो. कोणी विचारलं, "आता कशाला?" तर म्हणतो, "पानी निवृत्त झालं काय?"

त्या रस्त्यावर सहा मोऱ्या आहेत. रस्ता एका दमात झालेला नाही. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी काम निघालं तेव्हा फाट्यापासून पहिल्या मोरीपर्यंत झाला आणि थांबला. सत्त्याहत्तर साली दुसरी मोरी झाली, एक्याऐंशीला तिसरी. शेवटची सहावी शहाण्णवची. पाच किलोमीटरला चोवीस वर्षं लागली. प्रत्येक मोरीच्या कठड्यात एक दगड बसवलेला आहे आणि त्यावर मोरीचा नंबर आणि साल कोरलेलं आहे.

पहिल्या मोरीला देवराम सोळा वर्षांचा होता. दिवसाला एक खड्डा खणायचा, माती पाटीत भरून भरावावर टाकायची. संध्याकाळी मुकादम काठी घालून खड्डा मापायचा. मापात कमी भरला तर हजेरी अर्धी. घरात सहा महिने पोटभर कोणी जेवलं नव्हतं, आणि पहिल्या पंधरवड्यात देवरामचा खड्डा एकदाही मापात बसला नसता. शेजारच्या खड्ड्यावर सोमी होती, बावीस वर्षांची, तान्हा रमेश झोळीत टांगून कामाला आलेली. ती आपला खड्डा उरकायची आणि न बोलता देवरामच्या खड्ड्यात उतरायची. पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी देवरामचा खड्डा त्याच्या हाताने पुरा झाला. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कोपरे नीट काढ. काठी कोपऱ्यात घालतो तो."

पुढे सोमी खडी फोडायला लागली. तीस वर्षं खडी फोडली, आणि ती धूळ छातीत बसली. आता ती ओढ्यापलीकडच्या वरच्या पाड्यावर राहते. दहा पावलं चालली की थांबते, आणि श्वास घेताना तिची छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजते.

२०२१ च्या जुलैत, पहिल्या गुरुवारी, उंबरपाड्याच्या शाळेत कोरोनाची लस आली. एप्रिलमध्ये हीच गाडी आली तेव्हा माणसं रानात पळाली होती. मग मे महिन्यात आजूबाजूच्या पाड्यांतली पाच माणसं श्वास कोंडून गेली. आता चाळीस डोसांना चारशे माणसं झाली. एका बाटलीत दहा डोस, अशा चार बाटल्या, दर गुरुवारी तेवढ्याच. म्हाताऱ्यांना आधी द्यायची असं ठरलं. शाळेच्या गौतम सरांनी आधार कार्डावरच्या वयाप्रमाणे यादी केली. दोन दिवस बसून, स्वच्छ अक्षरात. मेहनतीत खोट नव्हती.

"क्रमांक तीन," सरांनी पडवीत उभं राहून पुकारलं. "भारती रमेश. वय एकाहत्तर."

भारती उठली. ती सोमीची सून. सकाळीच गुडघाभर चिखलात भाताची रोपं उपटून आली होती. पडवीत हशा पिकला.

"आजीबाईला हात द्या रं कोनीतरी!" काळ्या ओरडला. काळ्या म्हणजे देवरामचा धाकटा भाऊ.

"काळूकाका, तुमी तर कार्डावर तुमच्या दादाच्या आदी जल्मलात," भारती म्हणाली. "आदी त्यांना तुमच्या पाया पडायला लावा, मंग माझ्याकडं बघा."

आता हसू काळ्यावर फिरलं. भारती सिस्टरपुढच्या खुर्चीत बसली. आरोग्य उपकेंद्राच्या प्रतिभा सिस्टर सकाळपासून उभ्या होत्या.

"सिस्टर, हे वय माझ्या सासूचं हाय," भारती म्हणाली. "कार्ड काढताना आमी दोघी शेजारी बसलो व्हतो. तिचं वय मला लागलं, माझं तिला. मला नको, तिला द्या."

"तिचा नंबर कितवा?"

सरांनी पानं उलटली. "एकशे अठ्ठावन्न. वय त्रेचाळीस."

"आज ती इथं नाही. बाटली उघडली आहे, चार तासांत संपवावी लागते. तू घे, बाई. तिच्यासाठी ठेवता येत नाही."

भारतीने टोचून घेतलं. नववा नंबर देवरामचा होता. नोकरीत असल्यामुळे त्याचं वय कागदावर बरोबर होतं. त्यालाही सुई टोचली, पण त्याच्या डोक्यात एकशे अठ्ठावन्न हा आकडा फिरत राहिला. आठवड्याला चाळीस म्हणजे चौथा गुरुवार. जुलैच्या मध्यावर ओढा भरला की वरच्या पाड्याला गणपतीपर्यंत वाट नसते. म्हणजे सोमीला येता गुरुवार, नाहीतर सप्टेंबर.

टोचल्यावर अर्धा तास बसायचं होतं. देवराम भिंतीला टेकून बसला आणि समोरून जाणारी माणसं मोजू लागला. चाळीस जणांत खरीखुरी म्हातारी माणसं सतरा भरली. बाकीचे तेवीस कार्डावर म्हातारे होते. कार्डं निघाली तेव्हा जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. लिहिणाऱ्याने तोंडाकडे बघून आकडा टाकला, आणि जवळजवळ सगळ्यांचा वाढदिवस एक जानेवारीला पडला.

सगळे गेल्यावर तो उठून सरांकडे गेला. "सर, यादी चुकली."

"काका, मी कार्डाबाहेरचं वय कसं लिहू? उद्या कुणी विचारलं तर दाखवायला कागद काय?"

"सिस्टर, तुमचं काय म्हननं?"

प्रतिभा सिस्टर खोक्यात बर्फाच्या पिशव्या लावत होत्या. "ऑनलाइन मी कार्डावरचंच वय भरणार. अठराच्या वर असलं की नाव घेतं. पण आधी कोणी यायचं आणि मागून कोणी, हे गावानं सांगायचं. मला चाळीस नावं बुधवारी दुपारी बारापर्यंत पाहिजेत. बारानंतर आणलीत तर सरांचीच यादी चालेल."

"बुधवारी बारा," देवराम म्हणाला. सहा दिवस होते, आणि एका दिवसात माणसाकडून किती काम निघतं हे त्याला माहीत होतं.

शुक्रवारी तो कामाला लागला. लावणीचे दिवस होते, घरी कोणी नव्हतं. तो बांधाबांधाने फिरला. माणसांचे हात थांबू नयेत म्हणून प्रत्येक ठिकाणी पायजमा वर खोचून चिखलात उतरला, त्यांच्याबरोबर एक ओळ रोपं लावली आणि ओळ संपता संपता विचारलं, "तुजं खरं वय किती?"

उत्तरं अशी आली.

"कार्डावर हाय तेच."

"तुला कशाला पायजे?"

"पेन्शन बंद करायला धाडलंय काय तुला?"

शनिवारी संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे अकरा नावं होती, आणि कंबर धरली होती. पेन्शनचं लोकांच्या डोक्यात कुणी घातलं हे त्याला शोधावं लागलं नाही. काळ्या स्वतःच ओट्यावर येऊन बसला.

"दादा, हे वय लिवायचं बंद कर."

"का?"

"का म्हनं! मला म्हाताऱ्याचं पेन्शन चालू हाय. कार्डावर मी सदुसष्ट. तू सत्तावन्न लिवलंस आनि तो कागद वर ग्येला, तर? माझ्यासारखी आनि किती घरं हायेत म्हाईत हाय? तू सरकारी मानूस, तुजं सगळं सरळ. आमचं त्या एका चुकीवर चाललंय."

"सोमीवयनीला चुकीनंच मारायचं काय?"

काळ्या ओट्यावरून उठला. मग म्हणाला, "तिला नको आसं कोन म्हनतंय? पन माझं वय तुझ्या कागदावर नको."

तो गेल्यावर देवरामची बायको रुपी भाकरी थापता थापता आतून म्हणाली, "त्याचं खोटं हाय, पन भीती खरी हाय."

देवरामला हे पटलं आणि पटल्यामुळे तो जास्त अडचणीत आला. काळ्या वयाच्या विसाव्या वर्षापासून दर हिवाळ्यात नाशिककडे द्राक्षाच्या कामाला जायचा. सात वर्षांपूर्वी पाठ गेली. थोडं वजन उचलू शकतो, दिवसभराचं काम नाही. पेन्शन त्याला चुकीच्या कागदावर मिळत होतं, पण त्याने काम केलं नव्हतं असं कोणी म्हणू शकत नव्हतं.

रविवारी रात्रभर पाऊस पडला. सोमवारी सकाळी देवराम यादी घरीच ठेवून फावडं घेऊन निघाला. यादी अडली म्हणून मोरी तुंबू देणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या मोरीच्या तोंडाशी सागाच्या पानांचा गच्च थर बसला होता. उपसायला पाऊण तास लागला. मग तो कठड्यावर बसला आणि समोरच्या दगडावरचं वाचलं. मोरी नंबर तीन, एकोणीसशे एक्याऐंशी.

या मोरीला काळ्या पहिल्यांदा कामावर आला होता. सतरा वर्षांचा. पहिल्याच दिवशी पाटी पायावर पाडून घेतली आणि मुकादमाला शिवी दिली. अख्ख्या पाड्याला ही गोष्ट माहीत होती, आणि काळ्या स्वतः ती रंगवून सांगायचा.

देवराम उठला. वय विचारायचंच कशाला? या रस्त्यावर पाटी न उचललेलं घर उंबरपाड्यात नाही. सोळा-सतराचं झालं की माणूस कामावर यायचं. पहिल्या मोरीला पहिली पाटी उचलली तो आज पासष्टच्या पुढे. दुसऱ्या मोरीला उचलली तो साठीचा. कागदावर मोरीचा नंबर लिहायचा. मोरीच्या नंबरावरून कुणाचं पेन्शन कोण बंद करणार?

तो पहिला गेला काळ्याच्या शेतावर.

"तू पहिली पाटी कुठल्या मोरीला उचललीस?"

"तीन नंबरच्या," काळ्या चटकन म्हणाला. "पायावर पडली ती. हे बघ नख अजून वाकडं हाय. का रं?"

"काय नाय. तीन नंबर लिवलं."

काळ्याने कागदाकडे पाहिलं. नाव, पुढे तीनचा आकडा, बस. तो हसायला लागला. "दादा, तू सरकारात उगाच मोऱ्या उपसल्यास. वकील व्हायचं व्हतंस."

त्यानंतर काम वेगाने झालं. वय विचारलं की दात खाणारी माणसं मोरीचं नाव काढलं की लावणी सोडून कंबरेवर हात ठेवून उभी राहायची. कुणी कोणाच्या आधी आलं यावर भांडणं झाली, पण ती सगळ्यांपुढे झाली, म्हणून खोटं टिकेना. एका म्हाताऱ्याने सांगितलं, पहिल्या मोरीला मी होतो. बांधावरून त्याचीच बहीण ओरडली, "पहिल्या मोरीला तू आयचा पदर धरून भाकर मागत व्हतास! दुसरी लिव रं देवराम." त्याने दुसरी लिहिली. म्हातारा पुटपुटला, पण खोडायला सांगितलं नाही. पाटी उचलली नसताना उचलली म्हणणं त्यालाही जड गेलं असावं.

मंगळवारी दुपारी हिशोब लागला. गेल्या गुरुवारी राहिलेली पहिल्या मोरीची माणसं चौदा, दुसऱ्या मोरीची एकवीस. पस्तीस झाली. पाच जागा उरल्या. त्या तिसऱ्या मोरीतल्या दमेकऱ्यांना द्याव्यात असं मनाशी धरून देवराम ओढा ओलांडून वरच्या पाड्याकडे निघाला, सोमीला निरोप द्यायला. ओढ्याचं पाणी पोटरीच्या वर आलं होतं.

वरच्या पाड्याच्या वाटेवर कातकऱ्यांची वाडी लागते. बारा घरं, शेत कुणालाच नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. गौरा दारात बसून पाटी विणत होती. तिने देवरामला हाक मारली.

"कसला कागूद घेऊन फिरतो, देवरामदादा?"

त्याने सांगितलं. सुईसाठी यादी, कोणी पहिली पाटी कुठल्या मोरीला उचलली त्याप्रमाणे.

"चांगलं केलंस," गौरा म्हणाली. हात थांबला नाही. "आमची कुठली मोरी?"

देवरामने कागदावरून बोट फिरवलं.

"सांग की. आमची कुठली? त्या रस्त्यावर आमचं एक नाव तरी घेतलं व्हतं काय? दुष्काळात आमी आलो कामाला, तर हजेरीवाला म्हनला नावं भरली. मंग आमी तसेच चालत खाली ग्येलो, भट्टीवर. तू तवा पाटी उचलत व्हतास. मी बघितलं तुला."

देवरामने पाच दिवसांत कितीतरी बांध तुडवले होते. या वाडीचं एकही नाव त्याच्या कागदावर नव्हतं, आणि गौराने विचारेपर्यंत ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. सरांची यादी कार्डावर चुकली होती. त्याची रस्त्यावर चुकली.

तो पायरीवर बसला. "चुकलो," म्हणाला. "आता कसं लावायचं सांग. तुझ्याकडं साल हाय?"

"साल कुठनं आनू? कोनी कोनाला खांद्यावर नेलं त्ये म्हाईत हाय."

"म्हंजे?"

"भट्टीवर जाताना ल्हान पोर चालत नाय, खांद्यावर घ्यावं लागतं. धोंडीबाईनं मला न्हेलं. त्या दुष्काळात मी चालत व्हते आनि माझ्या खांद्यावर पोशी व्हती. पोशीनं पुढं तिच्या भावाला न्हेलं. ज्यानं उचललं त्यो मोठा, ज्याला उचललं त्यो ल्हान. हे कोन इसरत नाय. खांदा इसरत नाय."

"त्या दिवशी मी पाटी उचलत व्हतो, आनि तू पोशीला घेऊन बाजूनं ग्येलीस," देवराम हळूहळू म्हणाला. "म्हंजे त्या दिवशी तुमच्यातली जी खांद्यावर पोर घेऊन चालत व्हती, ती सगळी पहिल्या मोरीची."

गौराने वाडीत हाका मारल्या. बायका जमल्या, बोटांवर मोजत नावं घेतली, दोनदा मोजली. त्या दिवशी खांद्यावर पोर घेतलेली आणि आज जिवंत असलेली माणसं नऊ. देवरामने नऊ नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे एकचा आकडा घातला.

"आमी मोरीवर नव्हतो," गौरा म्हणाली.

"तुमाला घेतलं नाय. त्यो दोष तुमचा नव्हं."

आता चव्वेचाळीस झाले. चार जास्त. पाच उरलेल्या जागा तर गेल्याच, वर चार नावं मागे सारायची होती. कोणती, हे देवरामने वाटेतच ठरवलं. दुसऱ्या मोरीच्या माणसांपैकी जी रस्त्याच्या कडेला राहतात त्यांना पुढच्या गुरुवारी कितीही पाऊस असला तरी शाळेपर्यंत येता येईल. ओढ्यापलीकडच्यांना येणार नाही. रस्त्याच्या कडेची, तब्येतीने धड असलेली चार माणसं मागे. त्या चारांत रुपी होती. त्याने कागद गुडघ्यावर ठेवला आणि तिचं नाव तिथेच खोडलं.

सोमी चुलीपाशी बसली होती. त्याने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मला नको."

"भ्या वाटतं काय?"

"भ्या कसलं? आमच्या घरात एक झाली. भारतीला भेटली. ती माझ्याच वयावर भेटली ना? मंग माझी झाली. आता दुसऱ्या घराला दे."

"वयनी, हे रेशन नाय. घरटी एक नाय. मानसाला एक."

"मी रांगेत घुसले असं लोक म्हनतील. एकशे अठ्ठावन्न नंबर माझा." श्वास घ्यायला ती थांबली. भाता वाजला. "मी कवा कोनाच्या मापातलं घेतलंय?"

"घेतलं नाय. भरलंस." देवरामचा आवाज चढला. "पंधरा दिवस तू माझ्या खड्ड्यात उतरलीस तवा मी म्हनलो काय, ह्यो माझा खड्डा, तू कशाला? गप बसलो. कारन तू नसतीस तर आमच्या घरात कोनीतरी मेलं असतं. आता तू गप बस. तुझं नाव यादीत पहिलं हाय, कारन मोरी एक नंबरची आनि छाती तुझी सगळ्यात खराब. हे मी ठरवलं नाय, शंभर मानसांपुढं ठरलंय. वाटलं तर खाली येऊन त्यांच्याशी भांड."

सोमीने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "खाली येऊ कशी? दहा पावलं चालवत नाय."

"त्ये माझं काम."

बुधवारी साडेअकराला देवरामने यादी गौतम सरांच्या हातात दिली. सरांनी वाचली. नावापुढे एक, एक, एक, दोन. त्यांनी वर बघितलं.

"काका, हे काय?"

"मोरी."

त्याने समजावून सांगितलं. सरांनी सगळं ऐकलं, मग स्वतःची दोन दिवसांची यादी घडी करून टेबलाच्या खणात ठेवली आणि देवरामची यादी स्वच्छ अक्षरात लिहायला घेतली. "तिसऱ्या मोरीपासून पुढचीही करा," ते लिहिता लिहिता म्हणाले. "म्हणजे पुढचे गुरुवारही लागतील. आणि ही खोडलेली नावं?"

"ती पुढच्या गुरुवारी सगळ्यात आदी."

घरी गेल्यावर रुपीने पहिलं तेच विचारलं. त्याने सांगितलं.

"तुमची यादी, आनि नाव माझं खोडलं!"

"तू रस्त्यावर ऱ्हातेस. तू येशील."

"येईन की. पन आता आठ दिवस खोकले तर डोळे वटारू नका." तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्यात भाकरी होती, कालवण नव्हतं. ते मागून आलं, तो अर्धी भाकरी कोरडी खाल्ल्यावर.

गुरुवारी पहाटेपासून पाऊस. देवरामने आदल्या दिवशीच बांबू तोडून ठेवला होता. त्याला घोंगडी बांधून झोळी करायची, चार माणसं लागणार. दोन उचलायला, दोन बदलीला. रमेश तयार होता, शेजारचा लक्ष्या तयार होता, देवराम स्वतः. चौथा माणूस मिळेना. सगळ्यांची लावणी चालू होती.

तिघे सोमीला झोळीत घालून ओढ्यावर पोचले तेव्हा पाणी मांडीला लागत होतं. पलीकडच्या काठावर काळ्या उभा होता, प्लास्टिकची खोळ डोक्यावर.

"पाठ?" देवरामने ओरडून विचारलं.

"पान्यापुरती चालंल!" काळ्या पाण्यात उतरला आणि येऊन त्याने पुढचं टोक खांद्यावर घेतलं.

झोळीतून सोमीचा आवाज आला, तुटक. "काळ्या, तू सदुसष्टचा ना रं? कार्डावर?"

"व्हय, वयनी."

"मंग उतर खाली... म्हाताऱ्या मानसानं... मला उचलायचं म्हंजे... मला पाप लागंल."

"गप ऱ्हा, वयनी. तू तर त्रेचाळीसची बाई, चालत यायची सोडून झोळीत बसलीस. लोक काय म्हनतील?"

रमेश हसला आणि त्याचा पाय घसरता घसरता राहिला. देवराम मागून ओरडला, "हसायचं पलीकडं! पाय आदी, तोंड मागनं!" ओढा ओलांडायला त्यांना वीस मिनिटं लागली. एरवी दोन लागतात. काठावर काळ्याने टोक लक्ष्याला दिलं, दोन्ही हात कमरेवर ठेवून वाकून उभा राहिला आणि बराच वेळ सरळ झाला नाही. देवरामने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

शाळेच्या पडवीत माणसं बसली होती. मोरी एकची एका भिंतीला, मोरी दोनची दुसऱ्या. गौरा आणि तिची माणसं मोरी एकच्या भिंतीला, मधोमध बसली होती. सोमीला पाहून माणसं आपणहून सरकली.

प्रतिभा सिस्टरने नाव विचारलं, कार्ड घेतलं, मोबाइलवर भरलं. "आजी, वय?"

"एक नंबर मोरी," सोमी म्हणाली.

सिस्टर हसल्या. "कार्डावरचं विचारतेय."

"ती म्हाईती माझ्या सुनेला विचार. वय तिच्याकडं असतं."

सुई टोचली. सोमीने दंडाकडे पाहिलंही नाही. अर्ध्या तासाने सिस्टरने तिची नाडी बघितली, तापाच्या गोळ्या दिल्या आणि जायला सांगितलं. दुपारी दोनपर्यंत चाळीस डोस संपले. एकही वाया गेला नाही. सोमीच्या सर्टिफिकेटवर वय त्रेचाळीस छापून आलं, आणि ते तसंच राहिलं.

परत जाताना त्यांनी ओढ्याची वाट धरली नाही. पाणी वाढलं होतं. सोमीने चार दिवस भाचीकडे राहायचं ठरलं. भाचीचं घर पहिल्या मोरीजवळ, फाट्यापाशी. तिच्यासाठी सांगितलेली भाड्याची जीप मोरीपर्यंत आली आणि थांबली, कारण पाणी रस्त्यावरून वाहत होतं. यादीच्या नादात देवराम दोन दिवस इकडे फिरकला नव्हता.

निघताना जीपमध्ये टाकलेलं फावडं त्याने काढलं. सोमीला हात धरून उतरवलं, डोक्यावर छत्री देऊन कठड्यावर बसवलं आणि खाली उतरला. गाळ गुडघ्यापर्यंत होता. वर जीपवाला घड्याळ बघत होता. देवरामने वर बघितलं नाही. अर्ध्या तासात पाण्याचा आवाज बदलला. रस्त्यावरचं पाणी ओसरू लागलं आणि मोरीच्या पोटातून धो धो जाऊ लागलं. तो फावड्यावर टेकून उभा राहिला.

कठड्यावरून सोमी वाकून बघत होती. श्वास जमवायला तिला वेळ लागला.

"उजवा कोपरा ऱ्हायलाय," ती म्हणाली.

देवरामने बघितलं. राहिला होता. तो पुन्हा वाकला.